पेपर मिलच्या ईटीपीवर नव्याने आलात? जिवाणूंची टाकी सुधारायची कशी

पेपर मिलच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर, नव्याने लागलेल्या मुलामुलींचे मला फोन येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "ताई, सीओडी खाली येत नाहीये, कुठलं कल्चर टाकू?" (सीओडी म्हणजे पाण्यातल्या घाणीचं रासायनिक पद्धतीने काढलेलं माप, आणि कल्चर म्हणजे विकत मिळणारे जिवाणू.) माझं उत्तरही ठरलेलं आहे. आधी काहीच टाकू नका. तुमच्या एअरेशन टाकीत, म्हणजे पाण्यात हवा सोडतो त्या टाकीत, जिवाणू आहेतच, आणि तुमच्याच पाण्यावर वाढलेले असल्यामुळे विकत आणलेल्या कुठल्याही पावडरीपेक्षा ते जास्त कामाचे आहेत. त्यांना रोज साधारण सारखं पाणी मिळत नाही, हा खरा आजार. सोमवारी उपाशी, मंगळवारी भरपेट आणि बुधवारी कॉस्टिक सोडा असा क्रम लागला तर कुठलाच जीव टिकत नाही.

मी ठाणे जिल्ह्यातल्या रद्दीवर चालणाऱ्या क्राफ्ट पेपरच्या मिलमध्ये केमिस्ट म्हणून लागले. चुका केल्या, शिकले आणि आता नवीन लोकांना शिकवते. हा लेख त्यांच्यासाठी. लाकडापासून किंवा बगॅसपासून (उसाच्या चिपाडापासून) पल्प बनवणाऱ्या मोठ्या मिलचं पाणी वेगळं असतं. तिथे लिग्निन (लाकडातले धागे धरून ठेवणारा पदार्थ) असतं, पल्प शिजवल्यावर उरणारं काळं लिकर असतं, ब्लीचिंगचं क्लोरिन असतं. इथे मी मुख्यतः जुनी खोकी आणि रद्दी भिजवून कागद करणाऱ्या मिलबद्दल बोलते आहे. टाकी सांभाळण्याची पद्धत मात्र दोन्हीकडे बरीचशी तीच.

ज्या पद्धतीवर आपण काम करतो ती अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज पद्धत १९१४ साली मँचेस्टरमध्ये पुढे आली. पाण्यात हवा सोडायची, जिवाणू वाढवायचे, त्यांना क्लॅरिफायर नावाच्या संथ टाकीत खाली बसवायचं आणि बसलेला गाळ परत टाकीत आणायचा. यातली कुठली कडी तुटली आहे हे शोधणं, हेच आपलं काम.

आधी टाकी सोडा, मिलमध्ये फिरा

पहिला आठवडा ईटीपीवर बसू नका. पल्परपासून, म्हणजे रद्दी भिजवून लगदा करणाऱ्या यंत्रापासून, सुरुवात करा आणि प्रत्येक गटाराच्या कडेने चालत ईटीपीपर्यंत या. हातात वही, पीएच मीटर, थर्मामीटर, एक बादली आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच. बादली किती सेकंदांत भरते यावरून छोट्या प्रवाहाचा अंदाज येतो. कुठल्या गटारात गरम पाणी येतं, कुठे फायबर (लगद्याचे धागे) वाहतो, कोणता व्हॉल्व्ह कायम गळतो हे सगळं हाताने नकाशा काढून त्यावर लिहा. कंपनीच्या फाइलमधला ड्रेनेजचा नकाशा आणि प्रत्यक्ष गटारं यांचा मेळ मी आजवर एकाही मिलमध्ये पूर्ण बसलेला पाहिला नाही.

कच्चा मालही बघा. वाशीच्या एपीएमसीतली फळांची खोकी असोत की दुकानांतले पुठ्ठे, कोरुगेटेड खोक्याचे थर स्टार्चच्या खळीने चिकटवलेले असतात. खोकं पल्परमध्ये भिजलं की तो स्टार्च पाण्यात उतरतो, आणि तुमच्या बीओडीचा (जिवाणूंना खाता येणाऱ्या घाणीच्या मापाचा) मोठा वाटा तोच असतो. वर मशिनमधलं पाणी, म्हणजे बॅकवॉटर, आपण पुन्हा पुन्हा वापरतो, कारण बारवी धरणाच्या पाण्याचा एकेक घनमीटर मोजून मिळतो. त्यामुळे स्टार्च साठत जातो आणि मिलच्या टाक्यांतच आंबायला लागतो. शिळ्या पेजेसारखा आंबट वास आला की समजा, आम्लं तयार झाली आहेत. असं पाणी एअरेशनमध्ये आलं की तंतूसारख्या वाढणाऱ्या जिवाणूंची चैन होते आणि गाळ बसेनासा होतो. म्हणजे क्लॅरिफायरचा बिघाड लगदा साठवायच्या टाकीत, म्हणजे पल्प चेस्टमध्ये, सुरू झालेला असतो.

फिरताना एक गोष्ट जिवापाड पाळा. पल्पचे पिट, संप (पाणी साठवायचे खड्डे), इक्वलायझेशन टाकी (येणारं पाणी साठवून सारखं करणारी), साठलेल्या गाळाची कुठलीही बंद किंवा खोल जागा: आत उतरायचं नाही. कुजलेल्या पल्पमधून हायड्रोजन सल्फाइड निघतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं कधीही समजू नका. उतरणं अगदीच भाग असेल तर परमिट, गॅस डिटेक्टर, ब्लोअरने हवा, हार्नेस आणि वर सतत नजर ठेवणारा माणूस, एवढं सगळं असेल तरच. आणि आत कोणी पडला तर त्याला काढायला तसेच उतरू नका. अशा अपघातांत दुसरा आणि तिसरा माणूस वाचवायला जाऊनच मरतो. सुपरवायझर घाई करत असला तरी नाही म्हणा. नवीन असलात तरी म्हणा.

मशिन धुतलं की टाकी आजारी पडते

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका सकाळी ड्युटीवर आले तर एअरेशन टाकीवर पांढरा फेस रेलिंगच्या उंचीपर्यंत चढला होता. क्लॅरिफायरचं पाणी तांदूळ धुतल्यासारखं गढूळ. आम्ही घाईघाईने कल्चरची पावडर मागवली आणि आठवडाभर रोज टाकली. तीन आठवड्यांनी टाकी सावरली आणि आम्ही पावडरीला श्रेय दिलं. दीड महिन्याने पुन्हा तेच झालं. तेव्हा आमच्या प्लांटवरचे जुने ऑपरेटर, सगळे त्यांना मामा म्हणायचे, मला म्हणाले, "ताई, मशिन धुतलं की आपली टाकी आजारी पडते. तारखा बघा तुम्ही."

लॉगबुक काढलं. दोन्ही वेळा आदल्या रात्री मशिनचं बॉइल-आउट झालं होतं. वायर (लगद्यातलं पाणी गाळणारी जाळी) आणि पाइपांतली चिकट घाण काढायला गरम कॉस्टिक फिरवतात, सोबत स्लाइम मारणारं बायोसाइड असतं आणि काम झालं की सगळं गटारात. ईटीपीच्या इनलेटला पीएच ११ च्या वर गेला होता आणि आम्हाला कोणी कळवलंही नव्हतं. जिवाणू मारण्यासाठी बनवलेलं औषध आम्ही जिवाणूंच्याच टाकीत घेतलं होतं.

पुढच्या शटडाउनच्या आधी आम्ही एक जुनी टाकी रिकामी करून ठेवली. धुण्याचं पाणी त्यात वळवलं, पीएच ८ च्या खाली आणला आणि पुढच्या चार दिवसांत थोडं थोडं करत रोजच्या पाण्यात मिसळलं. टाकीवर फेस आला नाही. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये बसणाऱ्या गाळाची पातळी जेमतेम हलली. कल्चरचा खर्च शून्य.

म्हणून ईटीपी सुधारायची पहिली खरी पायरी म्हणजे प्रॉडक्शनच्या शिफ्ट इनचार्जशी ओळख. त्यांच्याकडून तीन गोष्टी आधी कळायला हव्यात: बॉइल-आउट कधी आहे, बायोसाइड किंवा डाय (रंग) कधी बदलणार, आणि कुठली चेस्ट रिकामी करणार आहेत का. व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळीचा निरोप पुरतो. ती ओळ यावी म्हणून दुपारचा चहा त्यांच्या केबिनमध्ये घ्यावा लागला तरी घ्या.

फायबर तिथेच अडवा

फायबर हा कंपनीचा माल आहे, तो ईटीपीत येणं म्हणजे दोनदा नुकसान. सेव्हऑल किंवा डीएएफ (पाण्यातून फायबर वेगळा काढणारी यंत्रं) नीट चालतंय का, एअरेशनच्या आधीच्या प्रायमरी क्लॅरिफायरचा गाळ वेळेवर निघतोय का, हे बघा. प्रायमरीच्या ओव्हरफ्लोचा एक लिटर सिलिंडरमध्ये अर्धा तास ठेवा. तळाशी कापसासारखा थर जमला तर फायबर पुढे जातोय.

फायबर एअरेशनमध्ये गेला की फसवणूक सुरू होते. तुमचा एमएलएसएस (टाकीतल्या एक लिटर पाण्यातले एकूण कण, मिलिग्रॅममध्ये) छान ४,००० दिसतो, पण त्यातला बराच भाग जिवाणू नसून कागदाचा लगदा असतो. रद्दीच्या कागदात भरपूर कॅल्शियम कार्बोनेट असतं, तेही त्यात मोजलं जातं. म्हणून एमएलएसएससोबत एमएलव्हीएसएस करा, म्हणजे भट्टीत जाळून त्यातला किती भाग सेंद्रिय होता ते कळतं. हे गुणोत्तर ०.७ ते ०.८ च्या आसपास असेल तर बरं. ०.५ वर आलं तर तुम्ही ब्लोअरची वीज खर्चून चुना आणि माती ढवळताय. आणि जाळल्यावर फायबरही उडून जातो, तो सेंद्रियच. त्यामुळे फायबर किती आहे ते शेवटी मायक्रोस्कोपच सांगतो.

इक्वलायझेशन टाकी अर्धी ठेवा

बहुतेक ठिकाणी ही टाकी काठोकाठ भरलेली असते. भरलेली टाकी काहीच समतोल करत नाही; जसं येतं तसं पुढे जातं. पातळी निम्म्याच्या आसपास ठेवली तर वरची रिकामी जागा तडाखा झेलते आणि पुढचा पंप सारखाच चालतो. ढवळण्यासाठी तळातून हवा सुरू ठेवा, नाहीतर तळाला फायबर कुजतो आणि वर सांगितलेला गॅस तिथेच तयार होतो. पीएच ६.५ ते ८.५ च्या मध्ये, तापमान शक्यतो ३८ अंशांच्या खाली. एवढ्या गोष्टी सांभाळल्या तर निम्मी लढाई जिंकलीत असं मी छातीठोक सांगते.

रोज सकाळचा अर्धा तास

ऑनलाइन मीटरवर विसंबू नका. सीपीसीबीने (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने) २०१४ मध्ये पेपरसह १७ प्रकारच्या उद्योगांना सतत मोजणारे मीटर बसवायला सांगितले, ते आवश्यकच आहेत, पण टाकी का बिघडतेय हे मीटर सांगत नाही. त्यासाठी डोळे, नाक आणि एक लिटरचा सिलिंडर.

आधी वास घ्या. निरोगी एअरेशन टाकीला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो आणि रंग चॉकलेटी असतो. काळपट आणि सडका वास आला तर हवा कमी आहे. पांढरा हलका फेस म्हणजे गाळ कोवळा आहे किंवा मिलमधून साबणासारखं काही आलंय. जाड, तपकिरी, सायीसारखा फेस जुन्या गाळाचा असतो.

मग सिलिंडर. एअरेशनच्या बाहेर पडणाऱ्या टोकाचं पाणी एक लिटर भरायचं आणि घड्याळ लावून ३० मिनिटं ठेवायचं, पण तिथून हलायचं नाही. पहिली पाच मिनिटं नीट बघा. चांगल्या गाळाचे दाणे दिसतात, ते एकमेकांना धरून पडद्यासारखे खाली उतरतात आणि वर स्वच्छ पाण्याची रेघ स्पष्ट उमटते. ३० मिनिटांनी गाळाची उंची ३०० मिलिलिटर आली आणि एमएलएसएस ३,००० मिलिग्रॅम प्रति लिटर असेल, तर ३०० गुणिले १,००० भागिले ३,००० म्हणजे १००. हा एसव्हीआय, म्हणजे एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिलिलिटर जागा घेतो ते. ८० ते १५० मध्ये असेल तर निवांत राहा. २०० च्या वर गेला तर गाळ फुगलाय.

गाळ ३० मिनिटांनी ८५०-९०० वरच अडकला तर घाबरायच्या आधी एक साधा प्रयोग करा. दुसऱ्या सिलिंडरमध्ये अर्धं टाकीचं पाणी आणि अर्धं क्लॅरिफायरचं स्वच्छ पाणी घ्या आणि पुन्हा ३० मिनिटं ठेवा. गाळ झपकन खाली, समजा ३०० पर्यंत, आला तर टाकीत गाळ फार झालाय, जास्त काढा. पाणी घालूनही तो तसाच पसरून राहिला तर तंतू वाढले आहेत. दोन आजारांचे उपाय वेगळे आहेत, आणि पाच रुपयांचाही खर्च नसलेली ही चाचणी ते वेगळे करून दाखवते.

सिलिंडर लगेच धुवू नका, तासभर आणखी ठेवा. खाली बसलेला गाळ बुडबुड्यांसकट ढेकळांनी वर आला तर त्यात नायट्रेट आहे, म्हणजे बहुधा युरिया जास्त पडतोय. त्याबद्दल पुढे सांगते.

आठवड्यातून दोनदा मायक्रोस्कोप. साधा, शाळेच्या प्रयोगशाळेतला, १०० पट दाखवणारा चालतो. काचेवर एक थेंब, वर कव्हर स्लिप. पहिल्यांदा बघाल तेव्हा रिबिनीसारखे लांब, वळलेले, कधी निळे-लाल रंगवलेले धागे दिसतील. ते जिवाणू नव्हेत, तो तुमचा कागदाचा फायबर. त्यांच्या भोवती तपकिरी कापसाचे गोळे, ते फ्लॉक, म्हणजे जिवाणूंचे पुंजके. गोळ्यांवर देठ असलेल्या घंटेसारखे जीव दिसले, स्प्रिंगसारखे आखडणारे, तोंडाशी केसांचं वर्तुळ फिरवणारे, तर व्होर्टिसेला आहेत आणि दिवस चांगला आहे. तेच देठ दिसतायत पण घंटा गोल होऊन बंद पडल्या आहेत किंवा गळून गेल्या आहेत, तर काहीतरी विषारी आलंय. मिलमध्ये फोन करा. सगळीकडे नुसते सुटे, भर्रकन पळणारे बारीक जीव असतील तर टाकी कोवळी आहे किंवा ओव्हरलोड. गोळ्यांच्या बाहेर केसांसारखे तंतू निघून एका गोळ्याला दुसऱ्याशी जोडत असतील, तर सिलिंडरमध्ये गाळ का बसत नाही ते तुमच्या डोळ्यासमोर आहे. हे सगळं मोबाइल आयपीसला लावून टिपून ठेवा. दोन महिन्यांनी तो अल्बम तुमचा सगळ्यात मोठा गुरू होतो.

खत: युरिया आणि डीएपीचा हिशेब

कागदाच्या पाण्यात साखर-स्टार्च भरपूर, नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळजवळ नाही. नुसत्या भातावर मूल वाढत नाही, तसंच. नेहमीचा हिशेब बीओडी १०० भागांना नायट्रोजन ५ आणि फॉस्फरस १.

उदाहरण घेऊ. प्रायमरीनंतर दिवसाला १,००० घनमीटर पाणी, बीओडी ४०० मिलिग्रॅम प्रति लिटर. म्हणजे दिवसाला ४०० किलो बीओडी. त्याला नायट्रोजन २० किलो आणि फॉस्फरस ४ किलो लागेल. डीएपीत फॉस्फरस साधारण २० टक्के असतो, म्हणून ४ किलोसाठी २० किलो डीएपी. त्या २० किलोत १८ टक्के नायट्रोजनही आहे, म्हणजे ३.६ किलो फुकट मिळाला. उरलेला १६.४ किलो युरियातून. युरियात ४६ टक्के, म्हणजे सुमारे ३६ किलो युरिया.

हा आकडा सुरुवातीचा. गाळ जास्त दिवस टाकीत राहतो अशा प्लांटमध्ये खरी गरज यापेक्षा कमी निघते. म्हणून आउटलेटला गाळून घेतलेल्या पाण्यात अमोनिया नायट्रोजन आणि फॉस्फेट मोजा. अमोनिया साधारण १ आणि फॉस्फरस अर्धा मिलिग्रॅम उरत असेल तर पुरेसं आहे. काहीच उरत नसेल तर जिवाणू उपाशी आहेत. अशा वेळी गाळ बुळबुळीत होतो, हातमोजा घालून बोटांत चोळला तर भेंडीसारखी तार सुटते, आणि तो बसत नाही. खूप उरत असेल तर खत वाया जातंय आणि वर सांगितलेला ढेकळं उचलण्याचा प्रकार सुरू होतो.

पहिल्या शिफ्टला पोतं फोडून एकदाच टाकीत ओतायची सवय मोडा. सकाळी मेजवानी आणि रात्री उपास असा प्रकार होतो. २०० लिटरच्या ड्रममध्ये विरघळवा आणि बारीक नळाने दिवसभर इनलेटमध्ये सोडा. डोसिंग पंप नसला तरी चालतं, सलाइनसारखी धार पुरते.

शेण आणि गुळाबद्दल विचारतातच. नवीन टाकी सुरू करताना शेण चालतं, पण त्याहून कितीतरी चांगला म्हणजे दुसऱ्या पेपर मिलच्या चालू ईटीपीचा ताजा गाळ, एक टँकर. चालू टाकीत रोज गूळ टाकणं म्हणजे आधीच बीओडी जास्त असलेल्या पाण्यात आणखी बीओडी ओतणं.

हवा

एअरेशन टाकीत विरघळलेला ऑक्सिजन १.५ ते २ मिलिग्रॅम प्रति लिटर हवा. पण कुठे मोजता ते महत्त्वाचं. जिना जिथे आहे तिथेच, टाकीच्या शेवटच्या टोकाला मोजून सगळे २.५ लिहितात. पाणी जिथे आत येतं तिथे मोजा, जिवाणू तिथेच जेवतात. आमच्याकडे शेवटी २.५ आणि इनलेटला ०.३ निघाला होता. तंतूंना नेमकी अशी जागा आवडते. पाच ठिकाणी, मध्यम खोलीवर मोजून टाकीचा नकाशा करा. प्रोबच्या टोकावर चिकट थर बसतो, तो मऊ ब्रशने रोज पुसा, नाहीतर आकडा खोटा येतो.

एप्रिल-मेमध्ये आकडा आपोआप पडतो. पाणी २५ अंशांवर सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, ३५ अंशांवर फक्त ७ च्या आसपास. त्याच वेळी जिवाणू जास्त ऑक्सिजन मागतात. म्हणून स्टँडबाय ब्लोअरची दुरुस्ती मार्चमध्येच उरका. डिफ्यूझरवर कॅल्शियमचा पांढरा थर बसतो हा रद्दीवरच्या मिलचा कायमचा त्रास; ब्लोअरचं प्रेशर महिन्या-महिन्याला हळूहळू चढत असेल तर तेच चाललंय. प्रेशर रोज लिहा.

गाळ किती ठेवायचा, किती काढायचा

वरच्याच उदाहरणात टाकी ८०० घनमीटरची धरा, एमएलएसएस ३,५०० आणि एमएलव्हीएसएस २,५००. जिवाणूंचं वजन ८०० गुणिले २.५, म्हणजे २,००० किलो. रोजचं अन्न ४०० किलो. ४०० भागिले २,०००, म्हणजे ०.२. हा एफ बाय एम, म्हणजे अन्न भागिले जिवाणू. ०.१ ते ०.३ मध्ये ठेवा.

टाकीत एकूण गाळ २,८०० किलो. रोज १४० किलो बाहेर काढला तर सरासरी गाळ २० दिवस राहतो. परतीच्या गाळाचं प्रमाण ९,००० मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर १४० किलो म्हणजे साधारण १५.५ घनमीटर. एवढं रोज काढायचं, गाळ पिळणारा फिल्टर प्रेस रिकामा असो वा नसो. "आज प्रेस बंद होता" म्हणून चार दिवस गाळ न काढणं आणि पाचव्या दिवशी चौपट काढणं, यात किती टाक्या बिघडताना पाहिल्या आहेत. दिवसाला १० टक्क्यांपेक्षा जास्त बदल करू नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला. युरिया, हवा आणि गाळ हे तिन्ही एकाच आठवड्यात बदललंत तर कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही. गाळाचं वय २० दिवस असेल तर बदलाचा पूर्ण परिणाम दिसायला दीड-दोन महिने लागतात. मॅनेजमेंटला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे दहाव्या दिवशी तुमच्या टेबलावर कल्चरचं कोटेशन येणार नाही.

तंतू फारच वाढून गाळ क्लॅरिफायरवरून वाहायला लागला, तर परतीच्या गाळात हायपोक्लोराइट मोजून देतात, टाकीतल्या दर १,००० किलो गाळामागे दिवसाला २ ते ३ किलो क्लोरिनपासून सुरुवात करून. पहिल्यांदा अनुभवी माणूस सोबत असल्याशिवाय करू नका. आणि मूळ कारण, म्हणजे आंबलेलं बॅकवॉटर, कमी हवा किंवा कमी खत, सापडलं नाही तर तंतू परत येणारच.

आउटलेटचा सीओडी उतरत नाही तेव्हा

बीओडीचा निकाल आपल्याकडच्या पद्धतीने २७ अंशांवर ३ दिवसांनी मिळतो. सीओडी त्याच दिवशी. म्हणून रोजचं काम सीओडीवर. पण तो दोनदा करा: एकदा तसाच, एकदा पाणी गाळून. समजा तसा ३८० आला आणि गाळून १८० आला, तर जिवाणूंनी काम चोख केलंय, गाळ क्लॅरिफायरमधून निसटतोय. गाळूनही ३५० असेल तर दोनच शक्यता: जिवाणू कमी पडतायत, किंवा जे उरलंय ते त्यांना खाताच येत नाही. बीओडी १५-२० वर असेल आणि सीओडी मात्र चढाच, पाण्याला चहासारखा रंग, तर ते लिग्निन आणि डाय आहेत. तिथे हवा वाढवून उपयोग नाही, रासायनिक किंवा टर्शरी (तिसऱ्या टप्प्याची) प्रक्रियाच लागते.

मर्यादा तुमच्या कन्सेंटमध्ये (प्रदूषण मंडळाच्या परवान्यात) लिहिलेली तीच. नदी-नाल्यात सोडण्यासाठीच्या सर्वसाधारण मानकांत बीओडी ३०, सीओडी २५० आणि तरंगते कण १०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहेत. सीईटीपीला (अनेक कारखान्यांच्या सामायिक प्लांटला) पाणी देणाऱ्यांचे आकडे वेगळे. कन्सेंटची झेरॉक्स ईटीपीच्या भिंतीवर लावा, ऑपरेटरला मराठीत समजावून सांगा. त्याला आकडा का पाळायचा हे कळलं की तो रात्री तीन वाजता, पाणी शुद्ध न करताच सोडणाऱ्या बायपासच्या व्हॉल्व्हला हात लावत नाही. आमच्या मामांना मी ऐरोलीच्या पुलावरून ओहोटीच्या चिखलात चरणारे रोहित (फ्लेमिंगो) दाखवले होते. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. मामांचे वडील त्याच खाडीत मासे धरायचे. त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं की नाल्यातून काय येतं आणि कुठे जातं.

पावसाआधी

आपल्याकडचा जून टाकीची परीक्षा घेतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पावसाच्या पाण्याची गटारं आणि ईटीपीची गटारं वेगळी आहेत ना, ते स्वतः चालत जाऊन बघा. एक जोडही राहिला असेल तर पहिल्याच मोठ्या सरीत प्रवाह दुप्पट होतो आणि वर्षभर जपलेला गाळ क्लॅरिफायरवरून वाहून जातो. रद्दीच्या गठ्ठ्यांवर शेड किंवा ताडपत्री हवी. भिजलेली रद्दी यार्डातच आंबते आणि तिचं काळं पाणी थेट तुमच्याकडे येतं. जोराचा पाऊस सुरू असताना सिलिंडर दिवसातून तीनदा लावा. क्लॅरिफायरमधली गाळाची पातळी वर येताना दिसली तर शक्य असल्यास इक्वलायझेशनचा पंप कमी करा आणि परतीचा गाळ थोडा वाढवा. वीज गेली आणि ब्लोअर बंद पडला तर पहिल्या दोन तासांत डीजीवर (डिझेल जनरेटरवर) आधी ब्लोअर घ्यायचा, पंप नंतर. हे जनरेटरच्या पॅनेलवर मोठ्या अक्षरात चिकटवा आणि मेन्टेनन्सच्या रात्रपाळीला तोंडीही सांगा.